साठा तपासायला बसण्याआधी

मार्च अखेर जवळ आली की सीएंचा फोन येतो, 'क्लोजिंग स्टॉक पाठवा', आणि आपण टॅलीतला, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला, आकडा काढून धाडून देतो. मग त्याच आकड्यावर कुठला माल चालतो, कुठला पडून आहे, पुढची ऑर्डर किती, हे सगळं ठरतं. मीही बरीच वर्षं हेच केलं. बेळगावात माझी एजन्सी, रविवार पेठेच्या मागे गोडाऊन, साबण-तेल-बिस्किटं-मसाले असा माल, आणि दुकानांना माल पोचवायच्या लाईनी खानापूर, नंदगड, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी. नफा कागदावर दिसायचा, बँकेत दिसायचा नाही, कारण तो गोडाऊनच्या कोपऱ्यात खोक्यांत बसलेला असायचा. हिशेबाचं सूत्र सहसा बरोबरच असतं, पण त्याला आपण जे खायला घालतो ते कच्चं असतं. भाच्याने चिकोडीला एजन्सी घेतली तेव्हा त्याला साठा मोजण्याआधीच्या तयारीची एक यादी लिहून दिली होती. तीच थोडी वाढवून इथे देतोय.

आधी दिवस ठरवा, आणि तो शक्यतो महिनाअखेरचा नको. महिनाअखेरीला कंपनीचा माणूस टार्गेटसाठी माल ढकलतो, आपणही पेठेतल्या होलसेलवाल्यांच्या गळ्यात दोन-चार मोठी बिलं मारतो, आणि त्यातला बराच माल पुढच्या आठवड्यात परत येतो. त्या दिवशीचा साठा म्हणजे फोटोसाठी पोट आत ओढून उभं राहणं. 31 मार्चचा साठा कायद्यासाठी लागतो, तो द्याच. पण स्वतःला कळण्यासाठी महिन्याच्या मधला एखादा रविवार धरा. शनिवारी रात्री सगळे टेम्पो परत आले की शेवटच्या विक्री बिलाचा नंबर आणि शेवटच्या आवक बिलाचा नंबर एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. मोजणी संपेपर्यंत त्यापुढचं एकही बिल फाडायचं नाही. हुबळी डेपोहून बिल आलंय पण गाडी अजून वाटेतच, धारवाडजवळ आहे, निपाणीचं बिल झालंय पण दुकान बंद म्हणून माल टेम्पोतच आहे, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे दुकानदाराच्या खात्यातून ती रक्कम कमी करायचा कागद, अजून काढायचीय, अशा तीन ढिगांसाठी तीन वेगळे कागद करा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. फरक निघाला आणि बिचाऱ्या गोडाऊन कीपरवर डाफरलो. माल रात्रभर माझ्याच दारात टेम्पोत उभा होता.

मग मालाची नावं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच दडलेला असतो. आमच्या ऑफिसात एक ऑपरेटर मराठी, एक कन्नड. एकाने मालाचं नाव टाकलं 'हळद पावडर 100 ग्रॅम', दुसऱ्याने त्याच हळदीला कन्नडमध्ये टाकलं 'अरिशिण पुडी 100'. खरेदी एका नावावर चढली, विक्री दुसऱ्यावर. एकाचा साठा दिसायचा 110, दुसऱ्याचा उणे 64. रॅकवर 46 पुड्या. रिपोर्ट सांगत होता की एक हळद पडून आहे आणि दुसरी तुटवड्यात आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवून ऑर्डर दिली होती! तेव्हा मोजणीच्या आठवडाभर आधी उणे साठ्याची यादी काढा. प्रत्येक उण्याचा जोडीदार कुठेतरी अधिकात बसलेला असतो, तो शोधा.

नावांबरोबर पेटीतले नग बघा. कंपनी न सांगता 48 ची पेटी 36 ची करते. खोकं तेच, रंग तोच. गोडाऊनमध्ये 20 पेट्या, टॅली त्याला 960 नग म्हणते, प्रत्यक्षात 720. ते 240 नग कुणी चोरलेले नसतात, ते कधी आलेलेच नसतात. वजन घटवून किंमत तीच ठेवली, तर जुना नग आणि नवा नग हे दोन वेगळे माल समजा. शॅम्पूच्या माळांचंही असंच. कोणी माळ मोजतं, कोणी पुड्या मोजतं. एकच माप ठरवा आणि ते कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

स्कीमचा माल वेगळा धरू नका, पण विसरूही नका. 52 रुपयांच्या 12 नगांवर एक फुकट आला तर 624 रुपयांत 13 नग आले, म्हणजे नग 48 ला पडला. फुकटचा नग आवकेत चढवलाच नाही तर मोजणीत माल वाढीव निघतो, आपण खूश होतो, आणि तोच वाढावा दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या तुटीला झाकून टाकतो.

आता प्रत्यक्ष मोजणी. मोजणाऱ्याच्या हातात पुस्तकी आकडा द्यायचा नाही. आकडा दिसला की माणूस मोजत नाही, जुळवतो. जोड्या लावा. एक जण सांगेल, एक लिहील, आणि रोज तो रॅक सांभाळणारा त्या रॅकच्या जोडीत नको. नगाबरोबर छापील किंमत, बॅच आणि मुदतीची तारीख लिहायची. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

आमच्याकडे एक म्हातारे हमालमामा आहेत. मोजणीच्या दिवशी मी सगळी पोरं बाजूला करतो आणि फक्त त्यांना पेट्या हलवायला लावतो. गेल्या खेपेला खोबरेल तेलाच्या थप्पीतली वरून तिसरी पेटी त्यांनी उचलली, जागेवरच परत ठेवली, पुन्हा उचलली. मी म्हटलं, "काय झालं मामा?" म्हणाले, "बघूलालोय मालक, हलकी लागते हो." टेप शाबूत, वरची बाजू शाबूत. पेटी पालथी केली तर तळाचा पुठ्ठा ओलसर, मऊ, आणि एका कोपऱ्यात हात जाईल एवढं भोक. अकरा बाटल्या कमी, उरलेल्यांतल्या तीन गळक्या. खाली फळी न टाकता थेट फरशीवर थप्पी लावली होती, आणि आपल्याकडचा जून-जुलैचा दमटपणा तुम्हाला माहीत आहेच. कागदावर ती पेटी भरलेली होती आणि चालू मालात होती. तेव्हापासून नियम असा, की थप्पीतली दर दहावी पेटी उचलून बघायची आणि शंका आली तर फोडायची.

डॅमेज आणि मुदत संपलेला माल एका कोपऱ्यात आणून ठेवा, मोजणीच्या आधीच. तो पूर्ण किमतीला साठ्यात धरणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं. नियम साधा आहे. आपली खरेदी किंमत आणि विकून हाती येईल ती किंमत, यांत जी कमी ती धरायची. नष्ट केलेल्या किंवा खर्ची टाकलेल्या मालाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे परत करावं लागतं, म्हणून कंपनी क्लेम देणार की आपल्यालाच सोसायचं, हे आधी लेखी घ्या. माल किती जुना हे खरेदीच्या तारखेवरून काढू नका. काल आलेल्या बिस्किटांची मुदत दीड महिन्यात संपत असेल तर ती म्हातारीच. आधी आलेला आधी जाऊ दे, हा वडिलांच्या काळचा नियम. आमच्या धंद्यात आधी संपणारा आधी जायला हवा.

किमतीबद्दल आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तेव्हा जुन्या किमतीचा माल, नव्या स्टिकरचा माल आणि नव्या छपाईचा माल एकाच रॅकवर, एकाच नावाखाली नांदत होता. साठ्याचं मूल्य करासकट काढणाऱ्यांचे हिशेब त्या महिन्यात पार गंडले. कराचं क्रेडिट वेगळ्या खात्यात असतं. साठा नेहमी कर वगळूनच मोलायचा. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचे महिने रुपयांत ताडून बघू नका, नगांत ताडा.

सगळ्यात महागडी चूक मोजणीनंतर होते. विक्रीलाच आपण मागणी समजतो. समजा एक साबण महिन्यात 270 नग गेला. तीस दिवसांनी भागलं, रोजचे 9. पण गोडाऊनमध्ये तो होताच 18 दिवस. म्हणजे असेल त्या दिवशी 15 जात होता. आपण 9 च्या हिशेबाने मागवतो, तो पुन्हा संपतो, विक्री पुन्हा कमी दिसते, आणि वर्षभराने आपणच म्हणतो की हा साबण आपल्याकडे चालत नाही. यावर उपाय म्हणून आमच्या सेल्समनच्या हातात एक छोटी वही असते. दुकानदाराने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, एवढंच तिच्यात लिहायचं. गोकाक लाईनचा पोरगा कन्नड, त्याने पहिल्याच दिवशी पानावर 'इल्ला', म्हणजे कन्नडमध्ये 'नाही', असं शीर्षक टाकलं. तेव्हापासून सगळे तिला इल्ला-वही म्हणतात, निपाणीचे मराठी सेल्समनसुद्धा. तयारीच्या यादीत किमान तीन महिन्यांच्या इल्ला-वह्या जमा करणं लिहून ठेवा. नसतील तर विश्लेषण तीन महिने पुढे ढकला, काही बिघडत नाही.

विक्रीतून परत आलेला माल वजा केलाय का, हे बघा. आणि ज्यांनी सीमेपलीकडे, चंदगड-गडहिंग्लज बाजूला दुसरं गोडाऊन टाकलंय त्यांच्यासाठी खास. 29 च्या (कर्नाटकच्या) जीएसटी नंबरवरून आपल्याच 27 च्या (महाराष्ट्राच्या) नंबरवर पाठवलेला माल कायद्याच्या लेखी पुरवठाच असतो, त्यावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, लागतो, 50,000 च्या वर ई-वे बिल लागतं. पण मागणीच्या हिशेबात ती विक्री नव्हे. बेळगावात एकदा आणि तिकडे दुकानदाराला विकताना पुन्हा, असा एकच नग दोनदा मोजला जातो, आणि धंदा वाढल्यासारखा वाटतो.

गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करताना पंचांग जवळ ठेवा. गणेश चतुर्थी 2023 ला 19 सप्टेंबर, 2024 ला 7 सप्टेंबर, 2025 ला 27 ऑगस्ट. ऑगस्ट 2025 मध्ये अगरबत्ती आणि मसाले उसळले आणि सप्टेंबर पडला, म्हणून सेल्समनला झापणारा मालक मी स्वतः पाहिलाय. 2026 ला चतुर्थी पुन्हा 14 सप्टेंबरवर, कारण त्या वर्षी आधी अधिक महिना येतो. सणाच्या आधीचे तीन आठवडे सणाच्या आधीच्या तीन आठवड्यांशीच लावायचे. माघात सौंदत्तीच्या यल्लम्माची आणि चिंचलीच्या मायाक्काची यात्रा, उसाचं बिल खात्यावर पडण्याचे दिवस, डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की हॉटेलांतून वाढणारी पाण्याच्या बाटल्यांची मागणी, हे सगळं वहीच्या समासात लिहून ठेवा. आणि सगळ्या लाईनींची एक सरासरी काढू नका. खानापूरच्या पुढची दुकानं पावसाआधी बेगमी करतात आणि जुलैत शांत असतात. निपाणीला तसं काही नाही.

राखीव साठा किती, हे माल कुठून येतो त्यावर ठरवा. हुबळीहून येणाऱ्या मालाला दोन दिवस पुरतात. पुण्याकडून येणाऱ्याला पावसाळ्यात नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, कोल्हापूरजवळ रस्ता बंद पडला आणि गाड्या पलीकडेच अडकल्या. सरासरी काढताना अशा दिवसांचे आकडे गाळले जातात. ऑर्डरीचा हिशेब करताना मात्र ते आठवायला हवेत.

साठा किती दिवसांचा आहे हे काढताना वर खरेदी किंमत आणि खाली विक्री किंमत असं करू नका, दोन्हीकडे खरेदी किंमतच धरा. महिन्याला 60 लाखांचा माल खरेदी भावाने जातो आणि अखेरीला 40 लाखांचा साठा, म्हणजे 20 दिवस. पण चार रविवारचे साठे मिळवून सरासरी 30 लाख निघाली तर खरे 15 दिवस. एबीसी वर्गवारी करा, म्हणजे जास्त पैशाचा माल ए, मधला बी, किरकोळ सी, पण काडेपेटी आणि मिठासारखा सी वर्गातला माल कापताना एकदा लाईनवर जाऊन या. दुकानदार तेवढ्यासाठी आपल्याला हाक मारतो, आणि मग बाकीची ऑर्डर देतो.

फरक निघाला की लगेच नोंद टाकून साठा जुळवून मोकळं व्हायचं नाही. फरकाच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर कारणाची जागा मोकळी सोडा आणि आठ दिवस ती यादी गोडाऊनच्या दारावर राहू द्या. येता-जाता कोणीतरी सांगतंच, "ती पेटी नाय काय, नंदगडच्या दुकानातनं बदली आली होती?"

उरलेलं सामान किरकोळ आहे. जाड मार्कर, मोजून झालेल्या थप्पीवर लावायला रंगीत चिकटपट्टी, शिडी, वजनकाटा, हमालांची दिवसाची जादा मजुरी आणि दुपारचं जेवण. वीज जाते, म्हणून दोन बॅटऱ्या, आणि त्यांचे सेल आपल्याच साठ्यातून घेतलेत तर त्यांचं बिल आदल्या दिवशीच फाडा.