नवं वेब फ्रेमवर्क कोणी वापरत नाही? या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका खोलीत मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलाशेजारी बसलो होतो. आम्ही दोघा मित्रांनी पायथनमध्ये लिहिलेलं फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲप उभं करायचा तयार सांगाडा, तो पहिल्यांदाच वापरून बघत होता. रिडमीतली, म्हणजे सुरुवातीच्या सूचनांच्या फाइलमधली पहिली कमांड चालली, दुसरीला एरर आला. त्याच्या विंडोज लॅपटॉपवर युजरच्या नावात मोकळी जागा होती आणि आमचा कोड नेमका तिथेच पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, तोडत होता. त्यानं तीच कमांड पुन्हा दिली, मग म्हणाला, "सर, माझंच काहीतरी चुकलं असणार," आणि टर्मिनल बंद केलं.

आम्ही दोन वर्षं लिनक्सवरच काम केलं होतं, त्यामुळे ही चूक आम्हाला कधी दिसलीच नाही. आणि "माझंच चुकलं असणार" म्हणणारा माणूस गिटहबवर, म्हणजे कोड ठेवला असतो त्या साइटवर, इश्यू (तक्रारीची नोंद) उघडत नाही, गुपचूप दुसरीकडे जातो. इश्यू येत नाहीत म्हणजे सगळं सुरळीत आहे, हा समज माझ्या मते सगळ्यात महागात पडतो.

यावरचा उपाय सोपा आहे, पण जिवावर येतो. फ्रेमवर्क कधीच न पाहिलेल्या चार-पाच जणांशेजारी बसा. कीबोर्डला हात लावू नका, तोंड उघडू नका. समोरचा जिथे थांबतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो, भुवया उंचावतो, ती प्रत्येक जागा वहीत लिहा. तेवढे सगळे बग समजायचे, मग कोड बरोबर असला तरी. ऑटोमॅटिक टेस्ट विंडोजवरही चालवा. एररच्या मेसेजमध्ये काय बिघडलं याच्याबरोबर आता काय करायचं हेही लिहा. पहिलं पान ब्राउझरमध्ये दिसायला दहा मिनिटांच्या वर लागत असतील, तर नवीन फीचर बाजूला ठेवा आणि आधी हे काम घ्या.

दुसरी चूक म्हणजे नुसत्या वेगाचे आकडे दाखवणं. मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी पोत्यावरचं लेबल वाचून बोली लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. फ्रेमवर्कचा आतला रंग दिसतो तो त्यावर उभ्या राहिलेल्या खऱ्या ॲपमध्ये. रेल्स हे फ्रेमवर्क २००४ साली बेसकॅम्प या चालत्या उत्पादनातून बाहेर काढलं गेलं. जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कामातून घडलं आणि २००५ मध्ये खुलं झालं. आपल्या मुंबईचं फ्रापे ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटातून आलं.

आमच्याकडे तसं काही नव्हतं, म्हणून एका अडत दुकानासाठी शेतकऱ्याची पट्टी काढणारं ॲप केलं. वजन, दर, अडत, हमाली, तोलाई, खाली निव्वळ रक्कम. पहिल्याच पट्टीच्या पीडीएफमध्ये 'क्विंटल'मधलं जोडाक्षर फुटलं आणि वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली. डेमोच्या टू-डू लिस्टमध्ये हे वर्षभरातही कळलं नसतं. ती दुरुस्ती झाली आणि मराठी-हिंदीत बिलं छापणाऱ्यांना सांगण्यासारखं काहीतरी आमच्या हाती आलं.

तेच सांगा. 'सगळ्यांसाठी, सगळ्या कामांसाठी' असं लिहिलं की कोणालाच ते आपलं वाटत नाही. व्ह्यू हे जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क २०१४ मध्ये आलं तेव्हा ते असलेल्या पानात एका स्क्रिप्ट टॅगनं बसवता येत होतं, जुनं काही मोडावं लागत नव्हतं. लॅरव्हेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी ते उचललं आणि तिथून ते पसरत गेलं.

लायसन्सची फाइल विसरू नका. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण वापरायचा हक्क कोणालाच मिळत नाही, आणि कंपनीत कोणीतरी तिथेच थांबवतं. लायसन्सही ओळखीचं घ्या. लायसन्समधल्या पेटंटच्या एका कलमावरून फेसबुकच्या रिॲक्टसारख्या बलाढ्य प्रकल्पालाही २०१७ मध्ये सगळ्यांच्या ओळखीच्या एमआयटी लायसन्सवर यावं लागलं.

आता थोडे वापरणारे जमले असतील, तर त्यांना जपा. गूगलचं २०१६ चं अँग्युलर २ म्हणजे नव्यानं लिहिलेलं फ्रेमवर्कच होतं, आधीच्या अँग्युलरसाठी लिहिलेला कोड त्यावर तसाच चालत नव्हता, आणि बरेच जण त्या वळणावर दुसरीकडे गेले. एवढा धक्का नवं फ्रेमवर्क सोसूच शकत नाही. एखादं फंक्शन काढायचं असेल तर आधीच्या आवृत्तीत इशारा द्या, आणि जुन्यावरून नव्यावर कसं यायचं ते पान बदलाच्या बरोबरच लिहा. नंतर लिहू म्हटलं की ते राहतंच.

कोणी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुमच्या कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवली तर दोन दिवसांत उत्तर द्या, "बघतोय, रविवारपर्यंत कळवतो" एवढं असलं तरी चालेल. पॅकेज प्रकाशित करायचे अधिकार किमान दोघांकडे ठेवा.

पाथची दुरुस्ती करून आम्ही त्या मुलाकडे परत गेलो. दोन्ही कमांड चालल्या. मग सर्व्हर सुरू होईना, कारण ८००० नंबरचा पोर्ट त्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टनं आधीच धरून ठेवला होता आणि आमचा मेसेज त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता. ते वहीत लिहून घेतलं. या वेळी टर्मिनल बंद न करता तो म्हणाला, "सर, इश्यू कुठं टाकायचा?"