शुगर ग्लायडरची प्रथमोपचार पेटी

शुगर ग्लायडर म्हणजे खारीसारखा दिसणारा, झाडांवरून तरंगत झेपावणारा छोटा पाळीव प्राणी. जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव, त्यामुळे औषधांआधी हवा तो एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा. सोबत सुई नसलेल्या १ मिलीच्या दोन सिरिंज, सलाइन, निर्जंतुक गॉज आणि कॉर्नफ्लोअर. नख खोलवर कापलं गेलं तर त्यावर कॉर्नफ्लोअर दाबून धरा, रक्त थांबतं.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खरी भीती अंगातलं पाणी कमी होण्याची. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडा. ती उभीच राहिली तर थेट डॉक्टरकडे. शुद्धीवर असेल तरच ओठांच्या कडेला थेंब थेंब पाणी लावा. तोंडात पिचकारी मारली तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. बर्फ लावू नका. माणसांच्या गोळ्या तर मुळीच नकोत. प्राणी निशाचर, म्हणून रात्री फोन उचलणाऱ्या पशुवैद्याचा नंबर झाकणावरच चिकटवा.