प्लाझ्मा टॉर्चच्या उष्णतेचा हिशेब

प्लाझ्मा टॉर्च म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या विजेच्या आर्कने (सलग ठिणगीने) वायू प्रचंड तापवून त्याचा झोत सोडणारं उपकरण. त्या झोतात थर्मामीटर घालता येत नाही. म्हणून मी उलट्या बाजूने जातो: वीज किती दिली ते मोजायचं, थंड करणाऱ्या पाण्याने किती उष्णता नेली ते मोजायचं, उरली ती वायूची. यात एकच भीती. मोजण्यातली प्रत्येक चूक गुपचूप वायूच्या खात्यात जमा होते.

व्होल्टेज टॉर्चच्या टोकांवरच घ्या. मी कितीतरी दिवस पॉवर सप्लायच्या मीटरवरचे 54 व्होल्ट लिहीत होतो. टॉर्चवर 50च होते. 400 अँपिअरला तो फरक 1.6 किलोवॅटचा. तेवढी वीज नुसत्या केबल तापवत होती आणि मी ती प्लाझ्माच्या नावावर मांडत होतो.

पाण्याचा प्रवाह एकदा तरी बादली आणि स्टॉपवॉचने पडताळून पाहा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) टॉर्चच्या अगदी लगत, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात बसवा. आर्क पेटवण्याआधी नुसतं पाणी सोडून दोन्हींतला फरक टिपा. तो क्वचितच शून्य निघतो, आणि पुढे वजा करावा लागतो. वेल्डिंगच्या काचेशिवाय झोताकडे पाहू नका. तापमान स्थिरावल्यावरच आकडे घ्या.

समजा पाणी सेकंदाला 0.2 किलो आणि 10 अंशांनी तापलं. 0.2 × 4.18 × 10 म्हणजे 8.4 किलोवॅट. दिले होते 50 × 400 म्हणजे 20 किलोवॅट, वायूला उरले 11.6. कार्यक्षमता 58 टक्के.

कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) आणि ॲनोडचं (धन इलेक्ट्रोडचं) पाणी वेगवेगळं मोजता आलं तर जरूर मोजा. ॲनोड फक्त गरम वायूच्या स्पर्शाने तापत नाही. त्याच्या तांब्यात शिरणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन सुमारे 4.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं अतिसूक्ष्म एकक) तिथेच सोडतो. 400 अँपिअरला हेच 1.8 किलोवॅट झाले. वायूचा प्रवाह कितीही वाढवा, हा वाटा हटत नाही.

आता तापमान. अर्गॉन सेकंदाला 1 ग्रॅम असेल तर ग्रॅममागे 11.6 किलोज्यूल. याला साध्या वायूच्या विशिष्ट उष्णतेने, म्हणजे 0.52ने, भागू नका. उत्तर 22 हजार केल्विनच्या वर जातं आणि ते चूक आहे. अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला 15.76 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, बरीच ऊर्जा त्यातच मुरते. अर्गॉनच्या एन्थाल्पीच्या (ग्रॅममागे वायूत साठलेल्या एकूण उष्णतेच्या) तक्त्यात पाहा: वातावरणीय दाबाला 12 हजारांच्या आसपास. तीही सरासरीच, झोताच्या मध्यावर याहून जास्त आणि कडेला कमी.