बांगड्या-बटणं देणाऱ्यांचे आभार मानताना या चुका टाळा

शाळेच्या भिंतीवर काचांचं चित्र करायचं म्हणून आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात घरोघरी फिरलो. कुणी बांगड्या दिल्या, कुणी शर्टाची बटणं, कुणी रांजणाच्या खापऱ्या. भिंत देखणी झाली, पण आभार मानताना आम्ही चुकलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "समस्त गावकऱ्यांचे आभार". उद्घाटनाला माइकवरून सरपंचांचं नाव घेतलं, सिमेंट देणाऱ्या दुकानदाराचं घेतलं आणि बाकीचं गाव या तीन शब्दांत उरकलं. कार्यक्रम संपल्यावर एक आजी भिंतीपाशी आल्या. काचांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "माही हिरवी बांगडी कुठी हाय वं पोरी?" मला सांगता आलं नाही. ती हुरहुर अजून आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कोणी दिलं, काय दिलं, चित्रात कुठं बसलं, एवढं लिहा. मग त्या माणसाला भिंतीपाशी न्या आणि "मोराच्या मानेत ही तुमची बांगडी" असं दाखवा. फलक लावणार असाल तर नाव कसं लिहायचं ते त्या बाईलाच विचारा. आपल्या मनानं "सौ." लावून नवऱ्याचं नाव टाकू नका.

शब्दही जपा. बांगडी "फुटली" असं घरात कुणी म्हणत नाही, "वाढली" म्हणतात. आम्ही "फुटक्या, टाकाऊ वस्तू द्या" असं लिहिलं होतं. डब्यात वर्षानुवर्षं जपलेली वस्तू टाकाऊ कशी?

संक्रांतीच्या हळदीकुंकवात आभाराचं वाण द्यायचं कुणालाही सुचेल, बायका आयत्या जमतात. पण नवरा गेल्यावर उतरवून ठेवलेल्या बांगड्या ज्यांनी आपल्याला दिल्या, त्यांनाच तिथं बोलावणं जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असं परिपत्रक काढलं. तेव्हा कार्यक्रम करायचाच तर सगळ्यांना मानानं बोलवा. तुमच्या गावात ते अजून जमत नसेल, तर आभारासाठी दुसरा दिवस धरा.

पाच बटणांच्या बदल्यात स्टीलचा डबा देऊ नका. देणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गेलात तर दाराला कुलूप दिसेल. दिवेलागणीनंतर जा, बसा, चहा घ्या. "आम्ही आपले ऋणी आहोत" असलं भाषण तिथं नको. "आजी, तुमच्या बांगडीनं मोर खुलला" एवढं पुरतं.

आणि उरलेल्या वस्तू उकिरड्यावर टाकू नका. वहीत बघून ज्याच्या त्याला परत द्या. शाळेत जाता-येता पोरं आपल्या बापाच्या सदऱ्याचं बटण बरोबर ओळखतात.