गाडीच्या दाराचं आतलं हँडल तुटलं तर पॅड (दाराचं आतलं आवरण) उघडून स्वतः कसं बदलायचं

गेल्या वर्षी मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल आईच्या हातात निघून आलं. महिनाभर ती काच खाली करून, हात बाहेर घालून, बाहेरच्या हँडलनं दार उघडत होती. तिचे खांदे आधीच दुखरे. शिवाय अपघात झाला किंवा काचेनं दगा दिला, तर आतल्या माणसानं बाहेर पडायचं कसं, हा विचार मला स्वस्थ बसू देईना. गाडी २१ वर्षांची आहे, आतलं प्लास्टिक ठिसूळ झालंय, म्हणून हात लावायला मी घाबरत होते. शेवटी एका दुपारी बसले आणि केलं. त्यानंतर उरलेल्या तिन्ही दारांचंही केलं.

आधी हँडल का तुटलं ते शोधा. हँडल शाबूत आहे, हलतंय, पण मागचं दार आतून उघडत नाही, असं असेल तर दाराच्या कडेवरचा चाइल्ड लॉकचा (मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून असलेला) खटका बघा. काही उघडायची गरजही पडणार नाही. हँडल खरोखर तुटलं असेल, तर उरलेला तुकडा पक्कडीनं हळूच ओढा आणि दुसऱ्या दाराच्या हँडलला किती जोर लागतो त्याच्याशी ताडून बघा. आमच्या दाराला जवळजवळ दुप्पट जोर लागत होता. दार बंद धरून ठेवणाऱ्या आतल्या लॅचमधलं ग्रीस वाळून धुळीशी घट्ट झालेलं असतं, आणि तो सगळा जोर हँडलच्या पिनेजवळच्या बारीक प्लास्टिकवर येतो. नुसतं हँडल बदललं तर नवंही तिथेच तुटेल.

फेविक्विकसारख्या गोंदानं चिकटवायचा मोह होतो. मी चिकटवलं होतं, चार दिवस टिकलं. सुट्या भागाच्या मागे बहुधा प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो. 'एबीएस' असेल तर चिकटतं, 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर साधा गोंद त्याला धरतच नाही. स्पीकरच्या जाळीसारख्या, ताण न येणाऱ्या भागाला एबीएसचा जोड चालेल. रोज ओढल्या जाणाऱ्या हँडलला कुठलाच जोड देऊ नका. भंगारातल्या गाडीचं हँडलही मी घेणार नाही, कारण ते तितकंच म्हातारं असतं. रंगाची छटा थोडी वेगळी दिसली तरी नवंच घ्या. डावं-उजवं वेगळं असतं, बऱ्याच गाड्यांत पुढचं-मागचंही वेगळं असतं. पार्ट नंबर बहुधा मागच्या बाजूला असतो, म्हणून जुनं काढून नंबर वाचल्यावरच मागवणं बरं. त्याबरोबर पॅडच्या आठ-दहा क्लिपाही मागवा. जुन्यांतल्या काही तुटणारच.

काम उबदार जागी करा, थंडीत प्लास्टिक लगेच तडकतं. काच पूर्ण वर घ्या. पॉवर विंडो असतील तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, पण काच वर घेतल्यावरच. दारात किंवा सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर केबल काढल्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ थांबा आणि पिवळ्या वायरींना हात लावू नका.

आता लपलेले स्क्रू शोधायचे. आर्मरेस्टच्या खोबणीत, हँडलच्या वाटीत, छोट्या गोल बुचांखाली ते असतात. पॅड निघत नाही असं वाटलं की एखादा स्क्रू राहिलाय असं समजा आणि जोर लावणं थांबवा. माझा आर्मरेस्टखालचा राहिला होता आणि पॅडला तिथे बारीक चीर गेली. ती अजून दिसते. काच फिरवायचं हँडल असेल तर काढण्याआधी त्याचा फोटो काढा, म्हणजे परत त्याच कोनात बसेल. ते आतून घोड्याच्या नालेसारख्या तारेच्या क्लिपनं धरलेलं असतं. हँडल आणि पॅडच्या फटीत जुन्या कापडाची पट्टी घाला, दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखी मागे-पुढे ओढा. तार सुटून उडते, म्हणून कुणाला तरी आड हात धरायला सांगा.

पॅड खालच्या कोपऱ्यापासून सोडवा. प्लास्टिकची पट्टी किंवा टोकाला टेप गुंडाळलेला चपटा स्क्रू-ड्रायव्हर अगदी क्लिपेच्या शेजारी घाला. दोन क्लिपांच्या मधे उचकटलं तर क्लिप जागेवर राहते आणि पॅडचा पुठ्ठा फाटतो. खालची आणि बाजूची रांग सुटली की पॅड सरळ वर उचला. वरची कड काचेच्या फटीत अडकवलेली असते. पॅड वायरींवर लोंबकळू देऊ नका. गुडघ्यावर टेकवा आणि कनेक्टरची जीभ दाबून तो सोडवा, वायर धरून ओढू नका.

मागे प्लास्टिकचा कागद दिसेल, काळ्या चिकट पट्टीनं लावलेला. हा कागद मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काचेच्या रबराजवळून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते खालच्या भोकांतून बाहेर जावं, गाडीत येऊ नये, यासाठी तो असतो. पहिल्या दाराला मी तो घाईत फाडला आणि पावसात मागचं कार्पेट भिजलं. पट्टी हेअर ड्रायरनं कोमट करा, मग कागद सावकाश आणि हवा तेवढाच सोडवा.

हँडल एक-दोन स्क्रूंवर असतं, काही गाड्यांत नंतर थोडं सरकवावं लागतं. मागे लॅचपर्यंत जाणारा रॉड असतो किंवा केबल. रॉडची प्लास्टिकची क्लिप सरळ ओढू नका. आधी ती रॉडवरून बाजूला फिरवा, मग रॉड भोकातून निघतो. नवं हँडल लावण्याआधी लॅच ब्रशनं स्वच्छ करा, जुनं ग्रीस पुसून पांढरं लिथियम ग्रीस लावा. नुसता गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबू नका. तो ग्रीस धुऊन नेतो आणि काही दिवसांनी लॅच पुन्हा जड होतं. दाराच्या तळाची भोकंही तारेनं मोकळी करा.

स्क्रू बसवताना आधी अर्धा फेरा उलटा फिरवा. तो जुन्या आट्यांत 'टक्' करून बसला की मग आवळा, तेही हलक्या हातानं. रॉड जोडल्यावर हँडलला किंचित ढिलाई हवी. रॉड ताणलेला राहिला तर लॅच अर्धवट ओढलेलं राहतं आणि दार नीट लागत नाही.

आता दार उघडंच ठेवून लॅचचा खटका स्क्रू-ड्रायव्हरनं दोनदा 'टक्' होईपर्यंत बंद करा. आतलं हँडल ओढा, खटका सुटला पाहिजे. पुन्हा बंद करून बाहेरचं, मग लॉक, मग चाइल्ड लॉक तपासा. सगळं चाललं तरच दार लावा. रॉड चुकीचा बसलेला असताना दार लागलं तर बंद दाराचं पॅड काढणं फार अवघड होऊन बसतं.

कागद दाबून चिकटवा, पट्टी वाळली असेल तर नवी ब्यूटाइल (चिकट रबरी) पट्टी लावा. दाराच्या पत्र्यात अडकलेल्या क्लिपा काढून पॅडमध्ये बसवा, कनेक्टर जोडा, वरची कड आधी अडकवा आणि एकेका क्लिपेवर तळव्यानं थाप मारा. पहिला मोठा पाऊस झाला की त्या बाजूच्या कार्पेटखाली हात घालून बघा. ओल लागली तर कागदाची खालची कड पुन्हा चिकटवायला हवी.