कॅसिमिर बल मोजताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत स्लिप गेज (मापं तपासायचे गुळगुळीत ठोकळे) हाताळलेल्यांना ठाऊक असतं: दोन स्वच्छ गेज दाबून एकमेकांवर सरकवले की घट्ट चिकटतात. बेळगाव-निपाणीकडच्या एम.एस्सी.च्या मुलांना हेच कॅसिमिर बलाचं, म्हणजे निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या, विद्युतभार नसलेल्या पट्ट्यांमधल्या ओढीचं, उदाहरण म्हणून द्यावंसं वाटतं. देऊ नका. रेणूंमधलं आकर्षण तिथे आहेच, पण तेला-ओलाव्याचा पातळ थरही मोठं काम करतो. कॅसिमिरचं १९४८ चं सूत्र निर्वातातल्या, प्रकाश पूर्ण परावर्तित करणाऱ्या पट्ट्यांचं आहे.

त्या सूत्राने एक मायक्रोमीटर अंतरावर दाब येतो साधारण १.३ मिलिपास्कल. दहा नॅनोमीटर घातले तर थेट वातावरणाच्या दाबाहून जास्त! हा आकडा सोन्याच्या पट्ट्यांना लावू नका. इतक्या जवळ सोनं आदर्श आरसा राहत नाही, बल बरंच कमी भरतं. तिथे खऱ्या पदार्थाचे प्रकाशीय गुणधर्म धरणारा लिफ्शिट्झचा सिद्धांत घ्या.

सगळ्यात महागात पडते ती ही समजूत: दोन्ही पृष्ठभागांना अर्थिंग दिलं, म्हणजे व्होल्टेज शून्य. तसं होत नाही. दोन्हीकडे सोनंच असलं तरी स्फटिककण आणि चिकटलेली घाण वेगळी असते, त्यामुळे काही मिलिव्होल्ट शिल्लक राहतात. एक मायक्रोमीटरवर नुसते दहा मिलिव्होल्ट ०.४४ मिलिपास्कल ओढ देतात, म्हणजे कॅसिमिर दाबाच्या एक तृतीयांश. म्हणून प्रत्येक अंतरावर व्होल्टेज थोडं थोडं बदलत बल नोंदवा. आलेख पॅराबोला येतो. ओढ जिथे सर्वांत कमी, ते व्होल्टेज लावून पुढचं मोजमाप करा. अंतर बदललं की हे व्होल्टेजही सरकत असेल, तर पृष्ठभागावर विद्युतभाराचे डाग आहेत. तो डेटा बाजूला ठेवा आणि नमुना पुन्हा स्वच्छ करा.

दोन सपाट पट्ट्या समांतर ठेवण्याचा हट्टही नको, ते फार अवघड असतं. भौतिकशास्त्रज्ञ लामोरो यांनी हे बल मोजताना १९९७ मध्ये गोलाकार पृष्ठभाग आणि सपाट पट्टी वापरली, ती याच अडचणीमुळे.

आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, हवा ओलीचिंब असते. ए.एफ.एम.ची (बारीक सुईने पृष्ठभागावरचं बल मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शीची) सुई नमुन्याला टेकली की मध्ये पाण्याचा सूक्ष्म पूल धरतो, मागे घेताना ती अडकते आणि बऱ्याच अंतरावर एकदम सुटते. कोरड्या नायट्रोजनमध्ये मोजमाप पुन्हा घ्या. ओढ घटली तर ती पाण्याची होती.

तापमानही लिहून ठेवा. ३०० केल्विनला सुमारे ७.६ मायक्रोमीटर ही उष्णतेची लांबी. अंतर तिच्या आसपास गेलं की औष्णिक चढउतारांचा वाटा वगळून चालत नाही.