नावाहो जडावाचे चांदीचे दागिने कसे स्वच्छ करावेत
नावाहो या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीच्या कारागिरांच्या जडावकामात चांदीच्या बारीक पट्ट्यांनी आखलेल्या खणांत फिरोजा, पोवळे व शिंपल्याचे तुकडे इतके चपखल बसवलेले असतात की, चांदी पुसताना दगडालाही हात लागतोच. फिरोजा सच्छिद्र असल्याने तेल, अत्तर व साबण शोषून हिरवट पडतो. म्हणून दागिना चांदी उजळण्याच्या द्रावणात बुडवू नये, आणि आपली चिंच-लिंबाची सवय तर येथे कटाक्षाने टाळावी, कारण आम्लाने पोवळे व शिंपला झिजतात. मऊ, कोरड्या सुती कापडाने पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात. नक्षीतला काळेपणा बहुधा मुद्दाम आणलेला असतो. तो गेल्यास नक्षी बोडकी दिसते. तुकडा हलू लागल्यास घरगुती गोंद न लावता दागिना जाणत्या कारागिराकडे द्यावा.